राणीच्या पाठीवरचा ठिपका

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सुलोचनाच्या मधपेटीतून थवा उठला, तेव्हा ती सावंगीच्या दवाखान्यात लोकांचं रक्त काढत होती. नालवाडीला घरी परतेपर्यंत अर्ध्या माश्या निघून गेल्या होत्या. पेटीत पाळतात त्या सातेरी माशीची ती रीतच आहे. घर दाटलं की जुनी राणी अर्धं बिऱ्हाड घेऊन निघते आणि घर नव्या राणीला सोडते. सुलोचनानं या जुन्या राणीच्या पाठीवर लाल नेलपेंटचा ठिपका लावला होता, मोहरीपेक्षाही लहान. तीन वर्षांच्या खटपटीत टिकलेली तिची ही पहिलीच राणी.

त्याच संध्याकाळी दोन घरं पलीकडे, रूपराव मास्तरांच्या कोऱ्या पेटीवर माश्या दिसल्या. ती लगेच गेली.

"मास्तर, हा थवा माहा आहे. राणीवर लाल ठिपका आहे, उघडून पाहा."

रूपराव ओसरीवर चौघांत बसले होते. "आता उघडली तर माशी बिथरते, बाई. अन् उडालेली माशी ज्यानं धरली त्याची. तिच्यावर नाव लिवलं असते का कोनाचं?"

चौघंही हसले. एक जण म्हणाला, "आधार कार्ड मागा ना तिले."

सुलोचना परतली. मागे राहिलेल्या माश्यांची नवी राणी मीलनासाठी उडाली ती परतलीच नाही, आणि मार्चअखेर पेटी रिकामी झाली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर, रूपरावांचं अंगण दिसेल अशी उभी राहू लागली. तिला रूपरावांच्या पेटीतल्या माश्या हव्या होत्या. त्याहून जास्त, ते हसू परत करायचं होतं, तेही लोकांसमोर.

रूपरावांनी पहिल्याच दिवशी पेटीच्या दाराला जाळी लावली होती. तिच्यातून कामकरी माशी ये-जा करते, जाड राणी अडकते. नवं बिऱ्हाड पळू नये म्हणून ही जाळी चार दिवस लावतात. रूपरावांनी ती मे उजाडला तरी काढली नव्हती. पेटी उघडायचंही ते टाळत. बाहेर पारा पंचेचाळीसवर, फुलोरा संपलेला. परतणाऱ्या माश्यांच्या पायांवर परागाचा पिवळा कण नाही. एका आठवड्यात दोनदा सगळ्या माश्या बाहेर पडल्या, घोंघावत पेटीवर घिरट्या घातल्या आणि राणी आत अडकली म्हणून परत आल्या.

"पोरायवानी खेळून राह्यल्या," रूपराव शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत.

त्या खेळत नाहीत, घर सोडू पाहताहेत, हे सुलोचनाला दिसत होतं. पेटीवर ओलं पोतं आणि आत वाटीभर साखरपाणी, एवढ्यावर त्या थांबल्या असत्या. हे तिनं मास्तरांना सांगितलं नाही. रविवारी रूपराव हौशी लोकांना अंगणात मधमाशीपालन शिकवणार होते. तिनं नाव नोंदवलं आणि थवा पकडायची जाळीची पिशवी पर्समध्ये घडी करून ठेवली.

सकाळी आठला पंचवीसेक माणसं जमली. सुलोचना शेवटच्या खुर्चीवर बसली. पुढे बसलेल्या नंदिनी नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, माशी पळून जाते म्हणतात, खरं आहे का?"

"ज्याले जमत नाई त्याची पळते," रूपराव म्हणाले. नजर थेट शेवटच्या खुर्चीवर होती. "माह्या घरी कशी रमली पाहा."

सुलोचना उभी राहिली. "मास्तर, रमली असन तर दारावर जाळी काऊन?"

"सवय आहे. राहू द्या."

"आम्हाले शिकाचं आहे. रमलेली माशी जाळीबिगर कशी राह्यते, ते दाखवा ना."

माना रूपरावांकडे वळल्या. रूपराव हसून वाकले आणि जाळी ओढून काढली.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. रूपरावांना बोलायला जोर चढला. मधाचे औषधी गुण सांगताना त्यांची पाठ पेटीकडे होती, म्हणून नंदिनीनं बोट दाखवलं तेव्हाच ते वळले. दारातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर पडत होत्या. अंगणावर काळपट ढग फिरला, खुर्च्या सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "खेळून राह्यल्या का, सर?"

या वेळी त्या परतल्या नाहीत. कुंपण ओलांडून रस्त्यावरच्या कडुनिंबाकडे गेल्या आणि खालच्या फांदीला दाढीसारख्या लोंबू लागल्या. सुलोचनानं घोस शांत बसू दिला. मग पिशवी खालून वर चढवली, फांदीला एकच हिसका दिला आणि तोंड आवळलं.

रूपराव फाटकापर्यंत धावत आले. "सुलोचनाबाई, ते पोयं माहं आहे."

"हो का? माशीवर नाव लिवलं असते का कोनाचं, मास्तर?"

सगळ्यात आधी नंदिनी हसली, मग बाकीचे. रूपराव जाळी हातात धरून उभे राहिले. सुलोचना घाई न करता घरी चालत गेली. तिला ते हसू शेवटपर्यंत ऐकायचं होतं.

तिनं माश्या आपल्या पेटीत सोडल्या, वर ओलं पोतं टाकलं, साखरपाणी ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतली पोळ्याची चौकट उचलली. राणी लगेच सापडली. लांब, काळसर, धडधाकट.

पाठ कोरी होती.

सुलोचनानं चौकट उन्हाकडे धरून पुन्हा पाहिलं. दाराला तीन महिने जाळी होती. नवी राणी मीलनाला बाहेर पडू शकली नसती, आणि मीलनाशिवाय बिऱ्हाड टिकलं नसतं. म्हणजे फेब्रुवारीत त्या पेटीत शिरली ती हीच राणी. माश्या कधीकधी नेलपेंट कुरतडून काढतात, हे खरं. त्या दिवशी दुसराच एखादा थवा फिरत आला असेल, रूपरावांनी तोच धरला असेल, हेही होऊ शकत होतं.

या दुसऱ्या गोष्टीवर ती फार वेळ थांबली नाही. तिनं घरातून चहाची गाळणी आणि लाल नेलपेंटची बाटली आणली. राणीला गाळणीखाली अलगद धरलं आणि काडीच्या टोकानं पाठीवर ठिपका ठेवला.

रक्त काढून काढून तिचा हात स्थिर झाला होता. ठिपका अगदी गोल आला.