घेणारी पिशवी

रसायनशास्त्राच्या मास्तरांना ग्रंथपालबाईंशी लग्न करायचं आहे, ही गोष्ट बाई सोडून सगळ्या शाळेला ठाऊक होती, निदान शाळेचा तसा समज होता. मास्तर मात्र गेली सहा वर्षं नुसती पुस्तकं बदलत होते. आता बाईंची बदली झाली होती, संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत. आजचा शनिवार हा त्यांचा इथला शेवटचा दिवस. विचारायचं तर आजच, नाहीतर उरलेलं आयुष्य ताईचे टोमणे खात काढायचं.

"सरळ विचारून टाक की," सकाळी ताई म्हणाली. पन्नाशीच्या भावाची कॉलर ती अजून स्वतः नीट करत असे.

"आधी वातावरण तयार करावं लागतं."

"मग सहा वर्षं काय पंखा लावून बसला होतास?"

वाचनालयात ऊन म्हणून यायचं नाही. थंडीत शिक्के मारताना बाईंची बोटं आखडायची. मास्तरांनी आपल्या परीने वातावरण तयार केलं. प्लास्टिकची एक पिशवी, तिच्यात कॅल्शियम क्लोराइडची पूड आणि मधोमध पाण्याची चिमुकली पुडी. बाहेरून दाबलं की आतली पुडी फुटते, पाणी पावडरीत मिसळतं आणि मस्त उष्णता बाहेर पडते. ही झाली उष्मादायी. नववीच्या तासासाठी शेजारीच दुसरी पिशवी केली. तिच्यात पाण्याच्या पुडीभोवती लिंबूसत्त आणि खाण्याचा सोडा. ही आजूबाजूची उष्णता ओढून घेते आणि स्वतः गार पडते. ही उष्माग्राही. घोटाळा नको म्हणून काटेकोर मास्तरांनी दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि घाईघाईत दोन्हींवर नुसतं 'उ.' लिहिलं. याच चुकीसाठी ते पोरांचा अर्धा मार्क कापत आणि वर पाऊण तास बोलत.

मधल्या सुट्टीत मास्तर बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले.

"तुमच्या बोटांसाठी. दाबा आणि हातात धरून ठेवा."

बाईंनी दाबलं. पिशवी फसफसली.

"मास्तर, ही गार पडतेय."

"सुरुवातीला तसं वाटतं."

"आणि फुगतेय."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. पिशवी उशीएवढी झाली होती. तिला हळूच खाली ठेवावं एवढा विचार त्यांच्या मनात आला, तोवर ती फाटकन फुटली आणि पांढरा फेस त्यांच्या शर्टावरून निवांत उतरू लागला.

"ही दुसरी होती," मास्तर म्हणाले. "उष्णता देणारी नाही, घेणारी."

"कोणाची घेते?"

"जे कोणी जवळ असेल, त्याचीच."

"म्हणजे माझी घेतली." बाईंनी लाल झालेली बोटं पुढे धरली. "आता भरून कोण देणार?"

"वर्गात दुसरी पिशवी आहे, पळत जाऊन आणतो."

"मास्तर, उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते, असं तुम्हीच शिकवता ना? मग जवळपास काही गरम आहे का बघा."

मास्तरांनी खिडकीकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, वरच्या दिव्याकडेही बघितलं. नववीतल्या ढ पोरालाही एवढा वेळ लागला नसता. शेवटी कान तापल्यावर त्यांना उत्तर सापडलं आणि त्यांनी बाईंची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली.

बाईंनी हात काढून घेतला नाही.

"बदली रद्द नाही का होणार?" मास्तरांनी विचारलं. सहा वर्षांत त्यांना सुचलेलं हे सर्वांत प्रेमळ वाक्य होतं.

"नाही. पण तिथे रसायनशास्त्राची जागा रिकामी आहे. मी चौकशी केलीय."

"कधी?"

"बदलीसाठी अर्ज करण्याआधी. इथे राहून तुम्ही विचारलं असतंत, असं मला काही वाटेना."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. उजवा हात अजून बाईंच्या बोटांत गुंतलेला होता, म्हणून मास्तरांनी आपल्या बदलीचा अर्ज डाव्या हाताने लिहिला. संस्थेच्या कचेरीत तो कोणालाच वाचता आला नाही, त्यामुळे लगेच मंजूर झाला.