झरोक्यातली लोकर

मी एक लोकरीचा स्वेटर बोलतोय. खरं तर स्वेटर होतो असं म्हणायला हवं, कारण आता माझी जेमतेम वीतभर लोकर शिल्लक आहे. आवाज थरथरला तर समजून घ्या. स्वभावच भित्रा आहे माझा, आणि ज्या घरात मी आयुष्य काढलं तिथे कुठलाही कपडा भित्राच झाला असता.

जन्माच्या वेळी मात्र भीती नव्हती. लग्न ठरलेल्या एका मुलीने मला विणलं. रंग विटकरी, कारण होणारा नवरा गवंडी. सुलट दोन, उलट दोन असं मोजत ती खिडकीत बसायची आणि कुणी आलं की मला उशीखाली सारायची. माप तिने लांबून, नजरेनेच घेतलं होतं. त्यामुळे माझी उजवी बाही चांगली चार बोटं लांब झाली. गवंड्याने मला अंगात घातलं, बाहीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. थापी धरून धरून हा हात लांबच झालाय माझा." पुढे कितीतरी हिवाळे तो ती बाही दुमडून घालत राहिला, पण चुकली असं कधी म्हणाला नाही. मला तो माणूस तेव्हापासून आवडतो. पुढे त्याच्या हातून जे झालं, त्यानंतरही आवडतो.

गवंड्याचं काम हिवाळ्यात बंद. थंडीने चुन्या-मातीचा गारा गोठतो, भिंत धरत नाही. म्हणून बर्फ वितळेपर्यंत घर चालायचं ते साठवणीवर आणि हातांवर. बटाटे वाळूच्या खोक्यात पुरून ठेवलेले, कांद्यांच्या वेण्या तुळईला टांगलेल्या. साबणाचे चुरे वितळवून पुन्हा वडी व्हायची. झिजलेल्या बुटांना जुन्या टायरचे तळवे लागायचे. गवंडी कोळशाची भुकटीसुद्धा टाकू द्यायचा नाही. मातीत कालवून तिचे गोळे वळायचा आणि खाटेखाली वाळत घालायचा. मंद जळतात, पण पुरतात, असं त्याचं म्हणणं. थोडक्यात, या घरात कुठलीच वस्तू मरत नसे. तिचं फक्त काम बदलायचं.

आणि हीच माझी भीती.

कपड्यांच्या पेटीत माझ्या शेजारी एक निळी शाल असायची. आमची मुलगी जन्मली त्या हिवाळ्यात तिच्या आईने, म्हणजे मला विणणारीनेच, ती शाल मांडीवर घेतली, टोक शोधलं आणि ओढायला लागली. टिक, टिक, टिक. एकेक टाका सुटत गेला. बघता बघता शालीचा गुंडा झाला आणि गुंड्याचं टोपडं. टोपडं गोड होतं, नाही म्हणत नाही. पण त्यात शाल कुठेच नव्हती. तिला आपलं आधीचं काही आठवतं का, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. त्या दिवशी माझी जी पाचावर धारण बसली, ती पुढे उठलीच नाही.

मग माझी पाळी आली. ती लांब बाही आधी गेली, तिचे मुलीला पायमोजे झाले. मग डावी गेली. मग गळा उसवून हातमोजे. आई माझ्यावर हात फिरवायची, म्हणायची, "चांगली आहे हो अजून लोकर," आणि मी टाके आवळून घ्यायचो. कौतुकाला इतकं घाबरणारा माझ्यासारखा दुसरा कुणी नसेल. राहिलं फक्त माझं धड. गळ्याच्या जागी एक टोक लोंबत होतं, आणि आईला लोंबतं टोक दिसलं की तिच्या हातांना चैन पडत नसे.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि कोळसा उशिरा, तोही थोडाच. गवंड्याने ठरवलं की तिघांनी आतल्या एकाच खोलीत राहायचं. शेगडी तिथेच आणायची. मग तो कामाला लागला. खिडक्यांच्या फटीत खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या, त्यावर माती. दाराखाली चिंध्यांची गुंडाळी. कामाविना बसलेले त्याचे हात कसे खूश झाले होते. मेणबत्ती घेऊन तो भिंतीभिंतीने फिरला. ज्योत जिथे हलली तिथे माती. शेवटी ती एकाच ठिकाणी हलली, छताजवळच्या झरोक्यापाशी.

"तो राहू द्या की," आई म्हणाली. "घर बांधणाऱ्याने काही विचार करूनच ठेवला असेल."

"बांधणाऱ्याला कोळसा आणायचा नव्हता," गवंडी म्हणाला. "अगं, अख्खी ऊब त्यातून उडून जाते. मी गवंडी, आणि माझ्याच घरातून वारा जातोय. लोक हसतील."

त्याने पेटी उघडली. हात माझ्यावर पडला. स्टुलावर चढून त्याने मला झरोक्यात गच्च कोंबलं.

आणि मला काय वाटलं असेल? जीव भांड्यात पडला माझा. आता मला कोण उसवणार? मी कामाचा झालो होतो, तेही अख्खा. पाठीला बाहेरचा बर्फाळ वारा, पोटाशी खोलीची ऊब, आणि खाली माझी माणसं. पहिले दोन-तीन दिवस शेगडी थोडा वेळच पेटायची, दारही उघडझाप व्हायचं. मी छाती फुगवून बसलो होतो.

मग बर्फाचं वादळ आलं. सकाळपासून दार उघडलं नाही. पाणी आत, लाकडी बादलीत. शेगडी दिवसभर धुमसत होती, त्या मातीच्या गोळ्यांवर. दुपारी गवंडी भिंतीकडे तोंड करून झोपला. "डोकं जड झालंय," एवढंच म्हणाला.

मुलगी पाटी घेऊन शेगडीशी बसली होती. मधेच म्हणाली, "आई, माझंही डोकं दुखतंय. आणि अक्षरं हलतायत."

"थंडीनं होतं तसं. सरक अजून शेगडीजवळ." आईने तिला गरम पाणी दिलं आणि शेगडीत आणखी एक गोळा टाकला.

 मला मात्र कळत होतं. शेगडीतून निघालेलं ते अदृश्य, विषारी काहीतरी वर येत होतं, माझ्यापर्यंत पोचत होतं आणि माझ्यामुळेच परत खाली जात होतं. त्याला बाहेर जायचं होतं. वाटेत मी होतो. ज्याला ऊब द्यायला विणलं, तोच बोळा होऊन तिघांच्या नरड्यात बसला होता. मला ओरडायचं होतं. पण स्वेटरला कुठला आवाज?

मुलीने पाटीवर डोकं टेकलं. "जरा झोपते," ती म्हणाली. तिच्या हातमोज्याचा अंगठा फाटला होता, त्यातून तिचं बोट बाहेर डोकावत होतं. एरवी थंडीने लाल होणारं ते बोट आज अगदी ढिलं पडलं होतं.

आईने ते बोट पाहिलं. तिचीही मान डुलत होती, डोळे मिटत होते. पण फाटकं दिसल्यावर ती बाई स्वस्थ बसेल तर ना. "अंगठा तेवढा विणून टाकते," ती स्वतःशीच पुटपुटली. "विटकरी लोकर... कुठे बरं..." तिने सुया चाचपडल्या. पेटीकडे जायला उठली, आणि लटपटून पुन्हा खाली बसली. नेमकी झरोक्याखाली.

तिथून तिने वर पाहिलं. कोंबताना माझं गळ्यापाशी सुटलेलं टोक ओळ-दोन ओळी उसवलं होतं, ते तिच्या कपाळापर्यंत लोंबत होतं.

आयुष्यभर ज्या हातांची भीती वाटली, त्या हातांची मी तेव्हा वाट पाहिली. घे, म्हणालो. ओढ. मला ठेवू नकोस. एक टाका ठेवू नकोस.

तिने टोक धरलं. टिक. हात खाली पडला. मला वाटलं, संपलं. सगळेच संपलो. पण बोटांना सवय होती, डोकं झोपलं तरी ती जागी होती. टिक, टिक. एक ओळ गेली. दुसरी गेली. दुखत होतं, खोटं कशाला सांगू. मी कसा होतो ते मी विसरत चाललो होतो. खिडकीतली ती मुलगी, उशीखालचा अंधार, दुमडलेली बाही, सगळं ओळीओळीने निघून जातंय असं वाटत होतं. ते वीतभर लोकरीतही मावतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? मी बारीक झालो, सैल झालो. माझ्या कडेने वाऱ्याची एक सळई आत घुसली. मग उरलेला मी भसकन घसरलो आणि तिच्या मांडीत पडलो.

झरोका उघडला. बर्फाचा वारा सरळ तिच्या तोंडावर आला. तिने एक श्वास घेतला, मग दुसरा. वर झरोक्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. आणि तिला कळलं.

ती दाराकडे रांगत गेली. चिंध्यांची गुंडाळी ओढून फेकली, दार सताड उघडलं. मुलीला काखेत धरून फरफटत पायरीवर नेलं, मग परत येऊन नवऱ्याला. "अहो, उठा. उठा म्हणते ना." ती त्याच्या तोंडावर मुठीमुठीने बर्फ चोळत होती. तो ओकला, कण्हला, त्याने डोळे उघडले. मुलगी मात्र डोळे उघडेना. मी आईच्या पायात अडकून तिथवर आलो होतो, बर्फात लोळत होतो. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो, उसवताना सुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "आई, थंडी वाजतेय."

त्या घरात हे वाक्य रोज ऐकू यायचं. त्या दिवशी ते ऐकून दोघंही रडले. गवंडी मुलीला छातीशी धरून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिला, "मी बुजवला गं. मीच बुजवला."

वादळ थांबल्यावर त्याने छिन्नी-हातोडा काढला. आयुष्यभर फटी बुजवणाऱ्या माणसाने झरोका दुप्पट मोठा केला. आईने मला पुढे उसवलं. अंगठा झाला, मुलीची टोपी झाली, गवंड्याला कानपट्टी झाली. या वेळी मी हूं की चूं केलं नाही. शेवटी वीतभर उरलो. एरवी त्याचंही काही ना काही झालंच असतं, पण गवंड्याने तो तुकडा मागून घेतला, झरोक्यात खिळा ठोकला आणि मला त्यावर बांधलं.

तेव्हापासून मी इथे लटकतो. बाहेरचा वारा आत येतो, आतला बाहेर जातो, आणि मी हलत राहतो. शेगडी पेटवण्याआधी मुलगी मान वर करून बघते. "हलतोय का गं?" आई विचारते. "हलतोय," ती म्हणते. मगच काडी ओढली जाते.

बघणाऱ्याला वाटतं, लोकर भीतीने थरथरतेय. खोटं नाही ते. बर्फाने झरोका बुजेल, कुणीतरी ऊब वाचवायला पुन्हा चिंधी कोंबेल, ही भीती मला रोज वाटते. ती मी आता सोडणारही नाही. तुम्ही काटकसर करा, लोकर उसवा, कोळशाची भुकटीही वाया घालवू नका, मी त्याच घरचा आहे. पण शेगडीजवळ बसलात की एकदा वर बघत जा. मी थरथरतोय तोवर निवांत बसा. मी शांत दिसलो, तर हातातलं काम टाका आणि आधी दार उघडा.