रागावण्याचं माध्यम

जमिनीचं सर्वेक्षण शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'तोफ' म्हणत. विद्यापीठानं आंतरराष्ट्रीय व्हायचं ठरवलं तेव्हा दारांवरच्या पाट्या बदलल्या, कँटीनमधला चहा महागला आणि सगळं शिकवणं इंग्रजीत आलं. सरांची निवृत्ती तोंडावर आलेली. दोन वर्षांची मुदतवाढ हवी असेल तर इंग्रजीत शिकवा आणि एकही तक्रार येऊ देऊ नका, असं विभागप्रमुख बाईंनी बजावलं होतं. बाई एकेकाळच्या त्यांच्याच विद्यार्थिनी. सरांना मुदतवाढ हवीच होती. घरी बसून ते भिंतींची पातळी तपासत बसले असते, आणि तसं काही चालणार नाही हे बायकोनं आधीच सांगून टाकलं होतं.

इंग्रजी त्यांना येत होतं. येत नव्हतं ते इंग्रजीत रागावणं. पूर्वी मैदानावर कुणी दुर्बिणीच्या तिपाईवर रेललं की सर शांतपणे सुरुवात करीत, "ती तिपाई आहे बाळा, तुझ्या आत्याच्या गॅलरीचा कठडा नाही. आत्याला माझा नमस्कार सांग आणि पुन्हा पहिल्यापासून मांड." तो मुलगा पुढे जन्मभर कशावरही रेलत नसे. स्वतःच्या लग्नातही ताठ उभा राही. आता सर म्हणत, "प्लीज, डोन्ट लीन." मुलं "शुअर सर" म्हणत आणि रेललेलीच राहत.

सत्र संपल्यावर मुलांनी त्यांना 'सर्वांत सौम्य शिक्षक' ठरवलं. सरांना ते श्रद्धांजलीसारखं वाटलं. जुने विद्यार्थी भेटले की आपापली खाल्लेली बोलणी पदकासारखी काढून दाखवत, कुणाला जास्त लागलं यावर हमरीतुमरीवर येत. या सौम्य वर्गाकडे पुढे दाखवायला काय असणार?

पुढच्या सत्रात एका सकाळी अख्ख्या रांगेनं दुर्बिणीवरच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मध्यावर न आणताच मापं घेतली. सरांचा बांध फुटला. आपल्या भाषेत त्यांच्या तोंडाचा पट्टा असा सुटला की मैदानाकडेच्या झाडावरचे कावळे उठले. मुलं आधी दचकली, मग खुलली, आणि बुडबुडे भराभर मध्यावर आले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. वर्गातल्या, परदेशातून आलेल्या एकमेव मुलीची तक्रार होती. सरांनी मुदतवाढीवर मनातल्या मनात पाणी सोडलं.

"तिला तर मी एक शब्द बोललो नाही," ते म्हणाले.

"तीच तक्रार आहे, सर. बुडबुडा तिचाही कडेला होता. तिला तुम्ही 'प्लीज चेक' म्हणालात. तिचं म्हणणं, बाकीच्यांना शिकवलं, मला नुसता नमस्कार केला."

भेदभावाची तक्रार सगळ्यांत वाईट, असं बाईंनी समजावलं. यापुढे कुणालाच रागावणार नाही असं कबूल करा, मी प्रकरण मिटवते. मुदतवाढ पक्की.

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुला मी काय बोललो होतो, आठवतं?"

बाई हसल्या नाहीत. "माझ्या नकाशात तळ्यातलं पाणी टेकडी चढत होतं. त्याला दम लागला असेल, बसायला खुर्ची दे, म्हणालात. मी रडत रडत तळं पुन्हा मोजलं." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला पातळी कळली, सर."

सर उठून थेट मैदानावर गेले. मुलगी दुर्बिणीपाशी होती, बुडबुडा कडेला. सरांनी तिची आत्या, तिचा कठडा, काहीही बाकी ठेवलं नाही. मध्येच तिनं बोट वर केलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "सर, थोडं हळू."

मग सरांनी सगळं पुन्हा, शब्द सुटे करून ऐकवलं. अडलं तिथे हातवारे केले. हळू रागावणं फार कष्टाचं असतं. सरांना घाम फुटला. मुलीनं मान डोलावत एकेक स्क्रू फिरवला आणि बुडबुडा मध्यावर आणून ठेवला.

तिनं तक्रार मागे घेतली. आठवडाभरात उरलेल्या वर्गाची आली: सर तिला जास्त वेळ रागावतात. बाईंनी ती शिफारस म्हणून मुदतवाढीच्या अर्जाला जोडली.