दोन निळ्या वर्तुळांचा कप

मी एक जुना, चिनी मातीचा पांढरा कप आहे. मला कान नाही, म्हणून कुणी मला वाटी समजतं, कुणी पेला. राग येतो, पण काय करणार! माझी खरी ओळख माझ्या तळाशी आहे. तिथे एकात एक अशी दोन निळी वर्तुळं आहेत. साके नावाची जपानी मदिरा चाखायला मला बनवलंय. तांदूळ आंबवून करतात ती. मित्रांनो, पेय मोठ्यांचं आहे, तुम्ही खुशाल नाक मुरडा. पण गोष्ट तेवढी ऐका.

कुंभाराने मला चाकावर फिरवतच ती वर्तुळं काढली आणि भट्टीत घातलं. भट्टीत माझे कितीतरी भाऊ तडकले, मी तेवढा धड बाहेर आलो. साके स्वच्छ असली, की वर्तुळांच्या कडा लख्ख दिसतात. बिघडली, की ती गढूळ होते आणि कडा पुसट होतात. एवढंच माझं काम, पण ते मी चोख करतो.

मी ज्या खानावळीत आलो, ती एका बहीणभावाची होती. धाकटा आचारी आणि ताई चाखणारी. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली साके द्यायची, हे ती ठरवायची. ती मला नाकाशी धरायची, डोळे मिटायची, घोटभर साके तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची. चाखणाऱ्याने पीत बसून कसं चालेल? तळलेल्या माशाला हलकी आणि गार, अळंबीच्या रश्श्याला मुरलेली आणि कोमट. "सोयरीक जुळवायची असते रे," ती धाकट्याला सांगायची. "एकाने दुसऱ्याला दडपलं, की संसार बिघडला!" लोक लांबून यायचे ते ताईच्या नाकासाठी. तिच्या हातात असताना माझीही मान ताठ असायची, खोटं कशाला बोलू?

मग ताईला मोठा ताप आला. ताप उतरला, पण ती मला हातात घेईना. फळीवर मी पालथा पडून राहिलो आणि माझ्यावर धूळ साचली. कधी घेतलंच, तर ती हुंगायची, पुन्हा हुंगायची आणि घाईघाईने म्हणायची, "ठीक आहे, दे." मला सगळं कळलं होतं. तिला वास येत नव्हता. जिभेला नुसतं आंबटगोड समजत होतं. बाकी ती आठवणीवर रेटत होती. नाक गेलं हे लोकांना कळलं, तर खानावळीत आपल्याला कोण विचारणार, या भीतीने ती आतल्या आत झुरत होती.

एका दुपारी एक निवृत्त मास्तर सगळं घर घेऊन जेवायला आले. जुनं गिऱ्हाईक. "ताई, आज तुम्हीच निवडा," ते म्हणाले. ताईने त्यांच्यासमोर बाटली उघडली आणि मला भरलं. माझी वर्तुळं पुसट झाली! साके बिघडली होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "ताई, खाली बघ!" पण नाकाच्या भरवशावर जन्म काढलेल्या बाईला खाली बघायची सवय राहिली नव्हती. तिने घोट घेतला, हसली आणि म्हणाली, "छान आहे."

तेवढ्यात धाकटा माशाचं ताट घेऊन आला. तो कुबट वास त्याला लगेच आला. तो क्षणभर थबकला. मग त्याचा कोपर बाटलीला लागला. बाटली फुटली, मी टेबलावर आडवा झालो आणि माझ्या काठाचा टवका उडाला.

"डोळे फुटले का रे तुझे?" ताई सगळ्यांदेखत कडाडली.

"चुकलं, ताई," धाकटा खाली मान घालून काचा वेचू लागला.

दुसऱ्या बाटलीवर जेवण पार पडलं. ताई मला घेऊन स्वयंपाकघरात आली.

"तुझा हात असा कधी सटकत नाही," ती म्हणाली. "खरं सांग. खराब होती ना?"

धाकट्याने होकारार्थी मान डोलावली. ताई मटकन स्टुलावर बसली.

"माझं नाक गेलं रे. त्या तापातच गेलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कढईत कांदा करपला होता, आणि तू शेजारी उभी राहून विचारलंस, झाला का लाल?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

ताईला रडू फुटलं. "आणि मी तुला चारचौघांत नाही नाही ते बोलले."

"बोललीस तर बोललीस. अंगाला भोकं पडली नाहीत."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

आता धाकटा मला भरतो आणि आधी ताईच्या नाकाशी धरतो. विचारत काही नाही. ती रोज नकारार्थी मान हलवते. मग तो स्वतः हुंगतो आणि अडखळत सांगतो, "पिकल्या पेरूसारखा... मागून ओल्या लाकडाचा." ताई डोळे मिटते आणि पदार्थाचं नाव सांगते. गिऱ्हाइकांना तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं. काही यायचे थांबले. मास्तर अजून येतात.

माझा टवका गेला तो गेलाच, मला जपून धुवा, एवढंच मागणं. आणि अजून एक. घरातलं मोठं माणूस काही लपवतंय असं वाटलं, तर त्याला चारचौघांत सांभाळून घ्या. पण घरी आल्यावर गप्प बसू नका, जवळ बसून विचारा. ताई कितीतरी दिवस त्या विचारण्याचीच वाट बघत होती.