साहेबांच्या छातीची तक्रार

घरात साहेब एकच होते आणि ते चार पायांवर चालत. नवऱ्याने लिफ्टचा मिस्त्री म्हणून सगळी नोकरी वरिष्ठांशी हुज्जत घालण्यात काढली, एकापुढेही मान तुकवली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र ती राहून गेलेली हांजी हांजी त्याने एका तांबूस, लोंबत्या कानांच्या कुत्र्यापुढे उरकून घेतली. म्हणून बायकोने कुत्र्याचं नाव साहेब ठेवलं. ते कुत्र्याला शोभलं आणि नवऱ्याला लागलं, त्यामुळे बाईला दुहेरी समाधान मिळालं.

साहेबांचा थाट बघण्यासारखा होता. जेवण काट्यावर तोलून मिळे, दातांना खास पेस्ट आणि फिरून आलं की चारी पंजे कोमट पाण्याने पुसले जात. जंताचं औषध आणि लस यांच्या तारखा मिस्त्रीला तोंडपाठ होत्या. लग्नाची तारीख दरवर्षी बाईलाच सांगावी लागे. स्वतःची दाढ दुखली तर दुसऱ्या बाजूने चावायचं, एवढा उपचार त्याला पुरत होता. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, मला काय धाड भरलीय?

त्या सकाळी साहेबांची लस होती. बाईसुद्धा बरोबर गेली, कारण साहेबांची पाण्याची बाटली, टॉवेल आणि बसायची सतरंजी उचलायला कुणीतरी हवं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी साहेबांना स्टीलच्या टेबलावर उभं केलं, हिरड्या दाबून पाहिल्या, बरगड्यांवरून हात फिरवला. बरगड्या हाताला लागताहेत, म्हणजे वजन योग्य आहे, म्हणाल्या. ताटातलं उरलंसुरलं घालत नाही ना, रोज फिरवता ना, पिसवा दिसल्या का, असं एकेक विचारत गेल्या. मिस्त्रीने परीक्षेला बसल्यासारखी सगळी उत्तरं बरोबर दिली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून बाईला वाटलं, आता पेढेच वाटायला लावतो की काय हा.

डॉक्टरीणबाई लस भरायला वळल्या, तसा मिस्त्री घसा खाकरून म्हणाला की अजून एक बारीकशी तक्रार होती. साहेबांना हल्ली जिना चढताना धाप लागते. मध्येच थांबावं लागतं.

बाईने भुवया वर केल्या. कालच हे साहेब मांजरामागे तीन मजले धावत गेले होते आणि वरून भुंकायला पुरेसा श्वास त्यांच्याकडे शिल्लक होता. पण नवऱ्याचं कुत्र्याबद्दलचं बोलणं मध्येच तोडायचं नाही, हे ती फार पूर्वी शिकली होती.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. ठोके उत्तम आहेत, म्हणाल्या. मिस्त्रीचं समाधान होईना. छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं जड होतं म्हणाला. पुढचा डावा पाय भरून येतो, मग कळ जबड्यापर्यंत जाते, बसलं की थांबते. तो हे साहेबांची पाठ थोपटत, खाली बघून सांगत होता. वर, रात्री थंड घाम फुटतो असंही म्हणाला.

"कुत्र्यांना असा घाम येत नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी शेपटी टेबलावर आपटली. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. साहेब रात्री तिच्या पायाशी डाराडूर घोरत असत. उठायचा तो हा. साहेबांना पाणी ठेवतो म्हणायचा आणि गॅलरीत कठड्याला धरून उभा राहायचा.

डॉक्टरीणबाईंनी भरलेली सुई झाकण लावून परत फ्रिजमध्ये ठेवली. मिस्त्री कासावीस झाला. लसीची तारीख आजची होती, एक दिवस इकडेतिकडे झालेला त्याला चालणार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी साहेबांना खाली उतरवलं आणि त्यांचा पट्टा शांतपणे टेबलाच्या पायाला बांधला.

"ज्याला घाम फुटतो त्याला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. पायी नाही, गाडीने. तोवर साहेब माझ्याकडे. तिथला कागद दाखवा आणि कुत्रा घेऊन जा."

मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा एका वरिष्ठापुढे निमूट झाला. साहेबांना ओलीस ठेवलं नसतं, तर जगातला कुठलाच माणूस त्याला त्या दवाखान्याची पायरी चढवू शकला नसता.

संध्याकाळी बाई एकटीच कागद घेऊन आली. हृदयाची एक नळी जवळजवळ बुजली होती, ती दुपारी उघडली, असं तिने सांगितलं. आता धोका नाही, पण आणखी काही दिवस असेच काढले असते तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, साहेबांना लस टोचली आणि पट्टा तिच्या हातात दिला. काका काही म्हणाले का, त्यांनी विचारलं. लस आजच टोचून घे म्हणाले, असं बाईने सांगितलं.

ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. पलंगाजवळ बसून तिने त्याला विचारलं होतं, मला का नाही सांगितलंत? तो छताकडे बघत म्हणाला होता, "तू एखादा टोमणा मारला असतास. मी हसलो असतो. आणि विषय तिथेच संपला असता."

त्यावरही एक फक्कड टोमणा तिच्या जिभेवर तयार होता. तो तिने गिळला आणि त्याचं पांघरूण सारखं केलं.

घरी येऊन तिने साहेबांचं जेवण काट्यावर तोललं आणि पुढे ठेवलं. साहेबांनी ताटलीला तोंड लावलं नाही. ते दाराकडे बघत बसले. बाई गुडघे धरत त्यांच्याशेजारी फरशीवर टेकली.

"येतील ते," ती म्हणाली. "घाबरले होते, म्हणून बोलले नाहीत. मीपण घाबरलेय."

साहेबांनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. या बाईच्या तोंडून इतकं सरळ बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.