विल्डाचा ठिपका

या रॉल्फची खोड काही केल्या जात नाही. वस्तू हातात आली की आधी पुसतो. आत्तासुद्धा मला कपाटातून काढले, आणि लगेच अंगावर बाही घासली. केस पांढरे झाले, शहाणपण अजून वाटेतच आहे.

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. तळहाताएवढी. अंगावर चांदीच्या कणांचा लेप घेऊन जन्मले. शाळा मी पाहिली नाही, पण कॅलिफोर्नियातल्या त्या टेकडीवर शिकलेल्यांची अख्खी जत्रा पाहिली. तिथे पटांगणाएवढे एक गोल यंत्र होते. ते प्रोटॉन नावाच्या कणांना गरगरा फिरवून तांब्यावर आपटायचे. त्यातून क्वचित प्रोटॉनचा उलटा भाऊ निघे, प्रतिप्रोटॉन. हा भाऊ मोठा विचित्र. साध्या प्रोटॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात, आणि मागे काचेच्या लेपात चहूकडे उडालेल्या रेघा उरतात. असा झुबका आकाशातल्या ताऱ्यासारखा दिसतो, म्हणून त्याला तिथे तारा म्हणत.

मला त्या कणांच्या झोतात ठेवले, फोटोसारखे औषधात धुतले आणि विल्डा लिंडक्विस्टच्या टेबलावर दिले. विल्डा पन्नाशीची विधवा. अशा दहा बायका दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, तारे शोधत काचा चाळायच्या. विल्डाच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता.

"एक तारा माझ्या नावाचा लागू दे," ती शेजारच्या डोरीनला म्हणे, "मग डोळे गेले तरी चालतील."

"नाव त्या शास्त्रज्ञ डॉक्टरांचं लागतं, बाई. आपल्याला फक्त चष्मा लागतो."

एका गुरुवारी दुपारी विल्डाला माझ्यात तारा दिसला. हातातले सँडविच तसेच राहिले. तिने माझ्यावर काळ्या शाईचा ठिपका दिला, शेजारी आपल्या नावाची दोन अक्षरे काढली, वहीत जागेचे आकडे लिहिले. माझ्या अंगावर एवढा दागिना पुन्हा कधी चढला नाही. पण नियम असा, की एकीने पाहिलेला तारा दुसरीने पाहिल्याशिवाय मोजायचा नाही. डोरीनची पाळी सोमवारी होती.

शुक्रवारी डॉक्टर रॉल्फ टेनी फोटो काढायला आला. फोटोत शाई येत होती. त्याने स्पिरिटचा बोळा घेतला आणि माझे कपाळ पुसले. मग मला नव्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले, आणि तारा सापडेना.

"घाबरू नकोस," तो विल्डाला म्हणाला, "वहीत आकडे आहेत ना!"

"आहेत. माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवरचे. दुसऱ्यावर ते जुळत नाहीत. तो कुठंय?"

"तो... काल संध्याकाळी भंगारात गेला. मीच पाठवला."

"वा रे डॉक्टर! पत्ता जपून ठेवलास आणि गावच मोडलंस."

विल्डाने मला अकरा आठवडे चाळले. तोवर बाकीच्या काचांमधले तारे मोजले गेले, छापले गेले, टाळ्याही वाजल्या. एका सकाळी ती हलक्या आवाजात म्हणाली, "डोरीन, बाहेर धुकं आलंय का गं?"

डोरीनने खिडकीकडे पाहिले. लख्ख ऊन होते.

"हो," ती म्हणाली, "आलंय थोडं."

दुसऱ्या दिवसापासून विल्डा आली नाही.

तेव्हापासून मी कपाटात. लेप पिवळा पडला. तारा अजून पोटात टोचतो, पण नेमका कुठे ते मलाही सांगता येत नाही. मित्रांनो, दुसऱ्याने केलेली खूण दिसली तर हात आवरा. तिच्यापायी कोणाचे तरी डोळे गेलेले असतात.

आणि हा रॉल्फ मला उजेडात धरून पुटपुटतो आहे, "कुठे आहे गं तो तारा?"

मी म्हणते, "आधी ती बाही खाली कर, रॉल्फ. तारा तुला हवा होता, पण तो दाखवणाऱ्या बाईची खूण तुला घाण वाटली. आता जन्मभर उजेडात धरलंस तरी हाती काही लागायचं नाही. तुला पुसणं तेवढं येतं. शोधणं तिला येत होतं."