एकाच नळीतले दोन जीवाणू

"सर, तो नवा जीवाणू नाहीये. एका नळीत दोन मिसळलेत," मोनालीने तीन दिवसांत चौथ्यांदा सांगितलं.

प्रकल्पाचे मार्गदर्शक असलेल्या ढाकणे सरांनी मान वर केली नाही. सभागृहात खुर्च्या लागत होत्या, अर्ध्या तासात विद्यार्थ्यांची सादरीकरणं सुरू होणार होती. "आज बोलून घे. नंतर बघू," ते म्हणाले आणि माईक तपासायला निघून गेले.

मोनाली भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची, जालन्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पासाठी तिने एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांमागून माती आणली होती. जिथं गवताची काडी उगवत नाही तिथंही काही जीवाणू तग धरतात. त्यांतला एक वाढवून तिने त्याचा डीएनए पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. जीनोम, म्हणजे त्या जीवाणूच्या सगळ्या जनुकांचा मजकूर, वाचून आला तो अपेक्षेच्या जवळपास दुप्पट भरला. ढाकणे सर हरखून गेले. असला जीवाणू कुणी पाहिलाच नसेल म्हणाले, नाव ठरवलं 'जालनेन्सिस' आणि प्राचार्यांना सांगून मोकळे झाले. प्राचार्यांनी पेपरवाल्याला बोलावलं.

मोनाली मात्र तो मजकूर पुन्हापुन्हा चाळत राहिली. प्रत्येक जीवाणूत एकदाच सापडणारी काही जनुकं असतात, ती इथं सगळी दोन-दोनदा होती. एकाच माणसाच्या आधार कार्डावर दोन जन्मतारखा निघाव्यात तसं. तिने मजकूर वेगळा करून पाहिला, तर अर्धा भाग कॉलेजच्या फ्रीजमध्ये प्रॅक्टिकलसाठी ठेवलेल्या जीवाणूच्या आधीच वाचलेल्या जीनोमशी अक्षर न् अक्षर जुळला. उरलेला कुणाचा, ते कळत नव्हतं.

तिच्या आधी सुमितचा नंबर होता. त्याने डेंग्यूच्या विषाणूंचे चाळीस जीनोम लावून कोण कुणापासून निघाला याचं झाड मांडलं होतं. काम नीटस होतं. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, "मग लस कधीपर्यंत?" सुमित कसनुसा हसून खाली उतरला.

मोनाली उभी राहिली तेव्हा पडद्यावर पहिलीच पाटी तिची नव्हती. मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'जालन्याचा नवा जीवाणू'. सरांनी बदलली होती. तिसऱ्या रांगेत आई, सत्यशीलाबाई, बसली होती. अंगणवाडीतून रजा टाकून, सकाळची एसटी धरून ती आली होती.

"ही पाटी चूक आहे," मोनाली म्हणाली. मग आठ मिनिटांत तिने सगळं सांगितलं. दुप्पट मजकूर, दोनदा आलेली जनुकं, फ्रीजमधला जीवाणू. "म्हणजे हा एक नवा जीव नाही. दोन जीव आहेत, माझ्या चुकीने मिसळलेले."

मग प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठले. "एक नाही, दोन! वा पोरी!" त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

"नाही सर, तसं नाही..." पण माईक आधीच बंद झाला होता.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तेवढा हात वर केला. "कॉलनी किती वेळा शुद्ध केलीस?"

"एकदा." प्लेटवर उगवलेला जीवाणूंचा एकच ठिपका, म्हणजे कॉलनी, उचलून पुन्हा वेगळा वाढवायचा, म्हणजे मिसळलेलं दुसरं काही उरत नाही.

"तीनदा करायची असते, माहीत आहे ना? मग?"

नमुना पाठवायच्या दिवशी पुण्याची गाडी निघत होती आणि 'आजच दे' म्हणून ढाकणे सर दारात उभे होते. मोनालीने त्यांच्याकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते.

"घाई केली," ती म्हणाली.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरं बक्षीस मोनालीला जाहीर झालं, पाहुण्यांच्या आग्रहाने.

बाहेर पडल्यावर सर स्कूटरपाशी भेटले. "स्टेजवरच बोलायचं होतं तुला?"

"तीन दिवस तुमच्या केबिनमध्ये बोलत होते, सर."

त्यांनी किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला. "सोळा वर्षं झाली मला इथं. पोरांच्या प्रॅक्टिकल जर्नलांवर सह्या करण्यापलीकडे हातून काही झालं नाही. वाटलं, एकदा तरी..." वाक्य तसंच टाकून ते निघून गेले.

एसटी स्टँडकडे जाताना मोनालीच्या डोळ्यांना धार लागली.

"रडून काहून राह्यली? बक्षीस भेटलं न?" आई म्हणाली.

"मी काय बोलले ते कोणालाच समजलं न्हाई, आई."

"मला समजलं. दोघं एका नळीत बसल्ते अन् तू त्यायला एकच समजल्ती. आता अलग कर. त्यात काय रडायचं?"

मोनाली रस्त्यातच थांबली. एक परीक्षक बाई सोडल्या तर मोठमोठ्या डिग्र्यांच्या सभागृहात जे कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते आईने दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. हसावं की अजून रडावं, तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'जालन्याच्या कन्येने शोधले दोन नवे जीवाणू'. तिने बातमीदाराला फोन लावला.

"चूक आहे ती बातमी. दुरुस्ती छापा."

"ताई, चांगलंच छापलंय की. बिलकुल वाईट शब्द न्हाई त्यात."

"चांगलं आहे, पण खोटं आहे."

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

मोनाली तडक प्रयोगशाळेत गेली. जुन्या नळीतला थेंब घेऊन तिने जीवाणूंचं खाद्य ओतलेल्या ताज्या प्लेटवर रेघा ओढल्या. दोन दिवसांनी झाकण उघडलं, तर प्लेटवर दोन तऱ्हेचे ठिपके उगवले होते. पांढरे, पसरट, ओळखीचे. आणि त्यांच्यामध्ये बारीक, पिवळे, मोहरीएवढेही नसलेले.

ढाकणे सर मागे येऊन कधी उभे राहिले, तिला कळलं नाही. ते प्लेटवर वाकले.

"पेपरला पत्र मी लिहिलंय," ते म्हणाले. "प्राचार्यांनी सही केली नाही. मी माझ्याच सहीने पाठवलं. छापतील असं वाटत नाही."

पत्र छापून आलं नाहीच. प्राचार्यांनी सरांशी महिनाभर बोलणं टाकलं आणि मोनालीचा प्रबंध परीक्षेच्या तारखेला पुरा झाला नाही. मुदत वाढवून मागावी लागली. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी सरांनी स्टूल ओढलं, हातमोजे चढवले आणि विचारलं, "पिवळा उचलायचा?"

"हो सर," मोनाली म्हणाली. "पण आज घाई नको."